चढाचं टेन्शन सोडा, उताराचं बोला

मागच्या अंकात माझ्या इटलीच्या सायकल ट्रिपबद्दल दीड पान खरडलं होतं, वाटलं चार मैत्रिणी फोन करतील आणि विषय संपेल. तर एवढे प्रश्न आलेत की संपादकांनी या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते: गाईडबरोबर ग्रुपने केलेली आठ दिवसांची ट्रिप, व्हेनिसच्या वरच्या बाजूला असलेल्या त्रेव्हिझोपासून सुरुवात, पहिला दिवस सायकली जुळवण्यात, मग तीन दिवस कोनेल्यानो ते वाल्दोबियादेने या प्रोसेक्को नावाच्या बुडबुड्यांच्या वाइनच्या टेकड्यांत, तिथून सान बोल्दोची खिंड ओलांडून पलीकडे आणि उरलेले दिवस डोलोमाइट्स या डोंगररांगेतले घाट. रोड बाईक आपली आपण चालवायची, सामान मागून व्हॅनमध्ये. माझं वय ५३, मी काही रेसर-बिसर नाही हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचताना हिशोबात धराल.

प्रश्न: ताई, वय ४७, बँकेत नोकरी. दर रविवारी ७०-८० किमी होतात, मधल्या वारी एकदा येऊर, वर्षातून दोनदा पुण्याला येऊन सिंहगड करतो. तुम्ही लिहिलंय रोज पंधराशे ते दोन हजार मीटर चढ. मला जमेल का व्हॅनमध्ये बसून घाट बघावे लागतील? खरं सांगा, वाईट वाटणार नाही. (ठाणे)

उत्तर: जमेल हो. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, हिशोबच मांडून दाखवते. सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून साधारण ९ किमी आणि सहाशे मीटरच्या वर चढ, बरोबर? आता डोलोमाइट्समधला पोरदोई घाट घ्या, आराब्बा गावातून वर खिंडीपर्यंत ९ किमीच्या जरा वर, चढ साधारण ६४० मीटर, ३३ हेअरपिन, म्हणजे एकदम उलटी फिरणारी वळणं. म्हणजे कागदावर दोघं भाऊभाऊच. उलट पोरदोई सोपा वाटतो कारण त्याचा उतार-चढाव एकसारखा आहे, सात टक्के (शंभर मीटरला सात मीटर चढ) म्हणजे सात टक्केच, सिंहगडासारखं मधेच भिंत आणि मधेच सपाट असलं काही नाही, एकदा लय लागली की पाय आपोआप फिरतात. फरक एवढाच की सिंहगड तेराशे मीटरवर संपतो आणि पोरदोई २२३९ वर, आणि सिंहगड केला की आपण भजी-पिठलं खाऊन घरी येतो, तिथे मात्र पोरदोईनंतर त्याच दिवशी अजून दोन घाट शिल्लक असतात.

खरी परीक्षा जिआउ घाटाची. सेल्वा दि कादोरे गावापासून सुमारे १० किमी, सरासरी ९ टक्क्यांच्या वर, २२३६ मीटरवर खिंड. २९ वळणं, आणि प्रत्येक वळणावर नंबराची पाटी, त्यामुळे आपण किती दमलोय ते मोजायची सोयच करून ठेवलीय. इथे पायातल्या ताकदीपेक्षा गिअर बघा. पुढे ५०-३४ची कॉम्पॅक्ट क्रँक (५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या) आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, मागून घ्या. ३४ ला ३४ म्हणजे पेडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, साधारण २ मीटर १० सेंटीमीटर पुढे. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर साडेसात किमीच्या वेगाने जाल, म्हणजे जिआउला एक तास वीस मिनिटं. साडेसातच्या वेगाला लाजायचं नाही, मी त्याच वेगाने गेले, माझ्या पुढून एक सत्तरीचे इटालियन आजोबा 'चाओ' म्हणत निघून गेले तेव्हा थोडं लागलं मनाला, पण ठीक आहे.

तयारीचं विचाराल तर एका दिवसात एक मोठा घाट मारण्यापेक्षा सलग दोन दिवस चढाची सवय करा, शनिवारी घाट आणि रविवारी परत घाट. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर हा यासाठी उत्तम रस्ता आहे, लांब आणि मंद चढ, दीड-दोन तास पेडल न थांबवता बसायची सवय होते. तिसऱ्या दिवशी पाय कसे असतात ते कळलं की इटलीचं निम्मं काम झालं.

आणि हो, वाइनच्या टेकड्या म्हणजे वॉर्मअप समजू नका! मी समजले होते. सान पिएत्रो दि फेलेत्तोजवळ का देल पोज्जो नावाचा एक छोटा चढ आहे, सव्वा किमीसुद्धा नाही, पण एका ठिकाणी १९ टक्के. २०२० साली जिरो दितालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीची टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाशी शर्यत) कोनेल्यानो ते वाल्दोबियादेने झाली होती तेव्हा ती याच चढावरून नेली होती. माझी तिथे चेन वाजायला लागली, श्वास त्याहून जास्त वाजत होता.

प्रश्न: ताई, मागच्या लेखात तुम्ही 'दुसऱ्या दिवशीचा प्रकार सांगण्यासारखा नाही' असं लिहून विषय बदललात. सांगाच आता. मी ३९ वर्षांची आहे, चढाला घाबरत नाही पण उताराला माझी फे फे उडते, नवरा म्हणतो ब्रेक दाबून बस. (कोथरूड)

उत्तर: अगं बाई, तुझ्या नवऱ्याला आधी सांग की ब्रेक दाबून बसायचं नसतं, आणि तू विचारलंसच म्हणून सांगते, नाहीतर मी हे झाकूनच ठेवणार होते.

आपण सगळ्या आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या. उजवा हात पुढचा ब्रेक, डावा मागचा. भारतात मिळणाऱ्या बऱ्याचशा सायकलींनाही तसंच असतं. युरोपात उलट. तिथल्या सायकलीला डाव्या हाताला पुढचा ब्रेक जोडलेला असतो. भाड्याची सायकल घेताना दुकानदाराने सीटची उंची बघितली, पेडल घट्ट केले, हसून 'बुओन व्याज्जो' म्हटलं आणि ब्रेकबद्दल एक अक्षर काढलं नाही, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी द्राक्षांच्या मळ्यांमधून एक अरुंद उतार, समोरून ट्रॅक्टर, आणि मी हातांना सवयीने जे येतं ते केलं, म्हणजे डावा ब्रेक जोरात दाबला, मागचा समजून. मागचं चाक हवेत गेलं, क्षणभर मला थेट खालची वेल दिसली, कशीबशी खाली आपटले ती पायावर. ट्रॅक्टरवाला उतरून आला, त्याने माझी सायकल उचलून कडेला लावली आणि मला पाण्याची बाटली दिली, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती पण मला शिव्या दिल्या नाहीत एवढं नक्की कळलं. संध्याकाळी गाईडने दहा मिनिटांत ब्रेक अदलाबदल करून दिले. तर हे पहिलं काम, सायकल हातात आली की उभ्या उभ्या डावा ब्रेक दाबून कुठलं चाक अडतंय ते बघ, आणि नको असेल तर तिथेच बदलून माग.

आता उताराचं. मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याकडचे सायकलवाले चढाच्या बढाया मारतात आणि उताराची प्रॅक्टिस कोणीच करत नाही, कारण सिंहगडाच्या उतारावर टमटम, कुत्री, खड्डे आणि कणीसवाले एवढं असतं की वेग घेताच येत नाही. डोलोमाइट्समध्ये रस्ता गुळगुळीत, उतार दहा दहा किमीचा, आणि सायकल आपोआप ५०-६० ला पोचते. सतत ब्रेक घासत उतरलीस तर ब्रेक तापतात, बोटं बधिर होतात आणि नेमकं वळणावर हातात जोर उरत नाही. म्हणून सरळ पट्ट्यात सोडायचं, वळणाच्या अलीकडे दोन्ही ब्रेक घट्ट आणि थोडाच वेळ, आणि वळणात शिरताना सोडून द्यायचे. हात खालच्या वाकड्या दांडीवर, म्हणजे वजन खाली येतं आणि ब्रेकला पूर्ण बोट मिळतं. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्यावर वजन. नजर मात्र वळण जिथे संपतं तिथे, दरीकडे बघितलंस तर सायकल दरीकडेच जाते, हे जादूटोणा वाटतं पण खरं आहे.

रस्ता उजवीकडून चालतो हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. रस्त्यावर असेपर्यंत सगळे नीट जातात, घोळ होतो कॉफी पिऊन परत निघताना. रिकामा रस्ता, पोटात केक, आणि माणूस निवांत डाव्या बाजूने सुटतो. आमच्या ग्रुपमधल्या एका डॉक्टरांनी हे तीनदा केलं, शेवटी गाईड त्यांच्या हँडलवर उजवा बाण काढलेली चिकटपट्टी लावून मोकळा झाला. उजवीकडून चालतो म्हणजे उजवं हेअरपिन आतल्या बाजूचं, एकदम तीव्र, तिथे वेग आधीच मार. आणि समोरून जर्मन मोटरसायकलींचे ताफे वळण कापत येतात, त्यांना जागा ठेव.

थंडीचं पण ऐक. वर चढून येताना अंग घामाने चिंब, वर पोचल्यावर फोटो, सेल्फी, परत फोटो, आणि मग ओल्या जर्सीवर तसंच खाली. जूनमध्येसुद्धा २२०० मीटरवर वारा असा लागतो की वीस मिनिटांत बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. पूर्वीचे रेसर खिंडीच्या टोकावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीच्या आत छातीवर घालायचे. मी जिआउला जॅकेट व्हॅनमध्ये विसरले तेव्हा खिंडीतल्या हॉटेलमधून स्की रिसॉर्टची तीन चकचकीत पत्रकं उचलून आत घातली. काम करतात, फक्त श्वास घेतला की कुरकुर आवाज येतो. तू मात्र वाऱ्याचं पातळ जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशातच ठेव, व्हॅनमध्ये नको.

प्रश्न: मॅडम, मी द्राक्ष बागायतदार, तालुका दिंडोरी. मुलगा पुण्यात सायकलिंग करतो, तो म्हणतो अप्पा तुम्ही पण चला, तिथे द्राक्षबागा आहेत. माझं वय ६२, गुडघा बरा नाही. बागेत बघण्यासारखं काय आहे ते सांगा, नाहीतर द्राक्षं तर मी रोजच बघतो. (दिंडोरी)

उत्तर: अप्पा, तुम्ही तर जाच, आमच्यासारख्या लोकांना तिथे नुसतं हिरवं दिसतं, तुम्हाला काहीतरी वेगळंच दिसेल.

पहिली गोष्ट म्हणजे तिथली वेल हिवाळ्यात झोपते. पानं गळतात, बर्फ पडतं, आणि झोपलेल्या वेलीची वर्षातून एकच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, तिला आपण वर्षातून दोनदा उठवतो. हे मी तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला गाईडमार्फत सांगितलं तर तो 'बिचारी' अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. त्यांची तोडणी सप्टेंबरात, आपली जानेवारीनंतर, त्यामुळे सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलात तर घड वेलीवर असतील आणि तुमच्या स्वतःच्या छाटणीच्या आधी परतही याल.

दुसरं, उतार. वाल्दोबियादेनेच्या बाजूला बागा इतक्या उभ्या चढावर आहेत की मशीन चढतच नाही, सगळं हाताने. दगडी बांध न घालता गवताच्या पट्ट्यांनी माती धरून ठेवलेल्या अरुंद पायऱ्या आहेत, आणि या टेकड्यांना २०१९ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला त्यात या गवताच्या बांधांचा मोठा वाटा. द्राक्षाचं नाव ग्लेरा. २००९ पर्यंत द्राक्षालाही प्रोसेक्कोच म्हणायचे, मग ते नाव फक्त भागासाठी आणि वाइनसाठी राखून ठेवलं, म्हणजे दुसरीकडे कोणी ते द्राक्ष लावून प्रोसेक्को म्हणून विकू नये. आपल्या नाशिककरांनी यातली चलाखी लक्षात घेण्यासारखी आहे. सगळ्यात मानाची टेकडी कार्तित्से, जेमतेम १०७ हेक्टर, आणि त्यात मालक कितीतरी.

रोग मात्र ओळखीचेच. तिकडे पाऊस वेलीवर पानं-घड असतानाच पडतो त्यामुळे डावणीचा, म्हणजे पानांवरच्या बुरशीचा त्रास आहे, आणि मोरचुदाची निळसर फवारणी पानांवर दिसली की तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल. खुंटसुद्धा विचारा त्यांना, म्हणजे ज्या मुळावर वेलीचं कलम करतात तो. आपण डॉगरीज वापरतो ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, त्यांनी अमेरिकन खुंट घेतले ते एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने मुळं खाल्ली म्हणून. कोनेल्यानोला द्राक्ष-वाइनची शाळा १८७६ पासून आहे, बाहेरून का होईना बघून या. तिथल्या वाइनचे बुडबुडे मोठ्या बंद टाकीत दुसऱ्यांदा आंबवून आणतात, पण काही लहान शेतकरी जुन्या पद्धतीने बाटलीतच आंबवतात आणि तळाशी गाळ राहू देतात, तिला 'कोल फोन्दो' म्हणतात. दिसायला ताकाच्या निवळीसारखी, मला तीच जास्त आवडली.

गुडघ्यासाठी ई-बाईक घ्या, गाईडवाल्या ट्रिपला ती सर्रास मिळते. २५० वॅटची मोटर, ताशी २५ किमीपर्यंत मदत करते, पाय तुम्हालाच फिरवायचे असतात. इथून स्वतःची ई-बाईक न्यायचा विचार मात्र करू नका, तेवढी मोठी बॅटरी विमानात घेत नाहीत. आणि मुलाला सांगा की चढावर अप्पा पुढे गेले तर रडायचं नाही.

प्रश्न: ताई, आम्ही जैन, सांगलीचे. कांदा-लसूणसुद्धा नाही. आठ दिवस काय खाणार? (सांगली)

उत्तर: शाकाहारी असाल तर मजा आहे, जैन असाल तर थोडी कसरत आहे, खोटं कशाला बोलू.

शाकाहारींसाठी: डोलोमाइट्समध्ये श्लुट्सक्राप्फेन म्हणून प्रकार मिळतो, पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या अर्धगोल चपट्या करंज्या, उकडून वर लोणी. पहिल्यांदा ताट समोर आलं तेव्हा मी शेजारणीला म्हटलं दिवाळी आली गं. कोर्तिनाच्या बाजूला कासुन्त्सिएई, आत बीट, वर खसखस, गुलाबी दिसतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचा घाटा, त्यावर चीज नाहीतर मशरूम. घाट चढून आल्यावर यातलं काहीही अमृत लागतं.

तुम्हाला यातून बीट बाद, बटाट्याचे न्योकी बाद. पोलेंता चालेल, पालकाच्या करंज्यांच्या पिठात अंडं आणि सारणात कांदा-लसूण असतो का ते आधी विचारा, आणि चीजचंही विचारावं लागेल, कारण पार्मेझान, ग्राना वगैरे प्रकारांत वासराच्या जठरातलं रेनेट असतं. पास्ता नुसत्या लोण्याबरोबर नाहीतर ऑलिव्ह तेल-टोमॅटोबरोबर सांगायचा. 'सेन्झा चिपोल्ला, सेन्झा आल्यो' म्हणजे कांदा नको लसूण नको, हे पाठच करा, आणि 'सेन्झा ब्रोदो दि कार्ने' पण, कारण सूप आणि रिसोत्तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो आणि वेटरच्या लेखी तो तरीही 'भाजीचाच' असतो. बुकिंग करतानाच ट्रिपवाल्यांना लेखी कळवा, ते हॉटेलांना आधी सांगून ठेवतात, गाईडबरोबर जाण्याचा हा एक मोठा फायदा.

घरून खाकरे, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की भरपूर न्या. तूप, पेढे, खवा काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात प्रवासी सामानात आणायला बंदी आहे. चिक्की मात्र तिथल्या सगळ्या एनर्जी बारच्या वरताण. आमच्या गाईडला एक दिली तर तो तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या खिशाकडे बघायचा.

प्रश्न: वाइन आणि सायकल एकत्र कसं काय? दुपारी टेस्टिंग आणि मग परत सायकल? (नागपूर)

उत्तर: शहाणे ट्रिपवाले टेस्टिंग संध्याकाळी ठेवतात, सायकल हॉटेलात लागल्यावर. कायदाही आहे, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा इटलीत सायकलवाल्यालाही लागू होते. दुपारी गाववाले छोटा ग्लास घेतात, त्याला तिकडे 'ओम्ब्रा' म्हणजे सावली म्हणतात, नाव छान आहे पण तुम्ही सावलीत बसून लिंबूपाणीच घ्या. पुढे १९ टक्के चढ आहे.

प्रश्न: मी गेली सहा वर्षं म्युनिकला आहे. रूटच्या जीपीएक्स फाइल (फोनवर रस्ता दाखवणाऱ्या) फुकट मिळतात, हॉटेल मी स्वतः बुक करू शकतो. मग गाईडला एवढे पैसे का मोजायचे? थोडी लूटच वाटते. (म्युनिक)

उत्तर: दादा, तुम्ही नका मोजू. तुम्हाला रेल्वे कळते, हवा कळते, सायकल घरची आहे, एखाद्या वीकेंडला निघालात तरी चालतं. मी सुद्धा तिथे राहत असते तर एकटी गेले असते.

पण इथून एकदाच, रजा आणि पैसे साठवून जाणाऱ्यांनी गाईड घ्यावा या मताची मी आहे, आणि त्याचं कारण रस्ता सापडणं हे नाहीच. रस्ता फोनही दाखवतो. आमच्या सहाव्या दिवशी सकाळी निळंशार आकाश होतं आणि गाईड नाश्त्याला बसून एका पर्वताच्या टोकाकडे बघत होता, म्हणाला आज फाल्झारेगो घाट आधी, आणि एकच्या आत खाली. दोन-तीन जण कुरकुरले. दीडला आम्ही कोर्वारात सूप पीत होतो आणि बाहेर गारा पडत होत्या, वर वीज. जुलै-ऑगस्टच्या दुपारी हे नेहमीचं आहे, पण आपल्याला पावसाळ्याचे ढग कळतात, डोलोमाइट्सचे कळत नाहीत.

शिवाय सान बोल्दोसारखी जागा. वाइनच्या खोऱ्यातून बेल्लुनोच्या खोऱ्यात नेणारी ७०६ मीटरची बुटकी खिंड, पण शेवटी रस्ता कड्यात शिरतो आणि हेअरपिन चक्क बोगद्याच्या आत वळतात, असे पाच बोगदे एकावर एक. पहिल्या महायुद्धात १९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने शंभरेक दिवसांत तो बांधून काढला म्हणून त्याला शंभर दिवसांचा रस्ता म्हणतात. तिथे एकाच बाजूने वाहतूक सोडणारा सिग्नल आहे आणि तो मोटारींच्या वेगाच्या हिशोबाने लावलेला, आपण आठच्या वेगाने चढताना समोरून हिरवा होऊन गाड्या सुटतात. गाईडने आम्हाला हिरवा लागल्या लागल्या सोडलं, व्हॅन आमच्या मागे लाइट लावून आणली, आणि बोगद्यासाठी रिफ्लेक्टिव्ह जाकिटं आधीच अंगावर घालायला लावली, ती तिथे कायद्यानेच लागतात. फाइलमध्ये हे कुठे लिहिलेलं असतं?

लूट नाही म्हणत मी, महाग आहे एवढं खरं. पैसे भरायच्या आधी विचारा, सायकलचं भाडं धरलंय का, रात्रीची जेवणं किती, एकट्याच्या खोलीचे वेगळे किती, आणि दोन गाईड आहेत का एकच, जो व्हॅनही चालवतो. एकच असेल तर तो गाईड नाही, ड्रायव्हर आहे.

प्रश्न: कधी जावं, व्हिसा, इन्शुरन्स, थोडक्यात सांगाल का? (डोंबिवली)

उत्तर: थोडक्यात. घाट जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. १५ ऑगस्टच्या आठवड्यात जाऊ नका, सगळी इटली सुट्टीवर असते आणि घाटात गाड्यांची रांग. जुलैच्या पहिल्या रविवारी कोर्वारात मराथोना दलेस डोलोमितेस ही सायकल शर्यत असते, १९८७ पासून, मोठा मार्ग १३८ किमी आणि ४२३० मीटर चढ, हजारो लोक, लॉटरीने प्रवेश. बघायला झकास पण हॉटेल मिळत नाही. सेल्ला पर्वताभोवतीचे चार घाट, कांपोलोंगो, पोरदोई, सेल्ला आणि गार्देना, वर्षातून एखाद-दोन दिवस गाड्यांना बंद करून फक्त सायकलींसाठी ठेवतात. तारीख जुळली तर सोन्याहून पिवळं.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, इन्शुरन्स निदान ३० हजार युरोचा. पण व्हिसाचा स्वस्त इन्शुरन्स आणि सायकलवर पडल्यावर पैसे देणारा इन्शुरन्स या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, पॉलिसीत सायकलिंग आणि डोंगरातून उचलून आणायचा खर्च दोन्ही लिहिलेलं बघा. हॉटेलात माणशी थोडा शहर-कर रोख भरावा लागतो, तो पॅकेजमध्ये नसतो. पेडल आणि बूट घरचे न्या, शक्य असेल तर सीटपण, बाकी सायकल तिकडची.

प्रश्न: माझे मिस्टर सायकल चालवत नाहीत आणि चालवणारही नाहीत, पण मला एकटीला सोडायलाही तयार नाहीत. त्यांचं काय करू? (नाशिक रोड)

उत्तर: घेऊन जा हो. माझे पण नाही चालवत. व्हॅनमध्ये पुढची सीट त्यांची, गाईडला इटालियन-मराठी शिव्यांची देवाणघेवाण करायला कोणीतरी हवंच असतं. कोर्वाराच्या दरीत लादिन नावाची स्थानिक भाषा बोलतात, पाट्यांवर लादिन, जर्मन, इटालियन तिन्ही, त्या वाचत बसण्यात त्यांचा अर्धा दिवस गेला. अल्लेघेचं तळं आहे, १७७१ मध्ये डोंगर कोसळून नदी अडली त्यातून झालेलं, तिथे बाकावर बसून राहिले.

पोरदोईच्या दिवशी तर कहर. मी आराब्बातून ३३ वळणं मोजत, घामाने निथळत, वरच्या फाउस्तो कोप्पी या जुन्या इटालियन सायकलपटूच्या स्मारकापाशी पोचले. हे त्याआधी व्हॅनने वर येऊन, तिथूनच सुटणाऱ्या रोपवेने सास्स पोरदोईला २९५० मीटरवर जाऊन, खाली येऊन, अॅपल स्ट्रुडेल संपवून बसले होते. चहा मागवला होता त्यांनी, एक कप कोमट पाणी आणि पिशवी वेगळी, त्याकडे ते दुःखाने बघत होते. मी हेल्मेट काढलं तर म्हणाले, "एवढा वेळ? मला वाटलं रस्ता चुकलीस."